उद्योग आणि पुरुषार्थ : ख्रिस्ती दृष्टि

हिंगोलीपासून जवळच असलेलें नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांना वंद्य झालेलें आहे. नामदेव शिंप्याच्या कुळांत जन्मले. शीखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत त्यांचीं ६१ पदें संगृहीत आहेत. त्यांत सुई, दोरा व कात्री हीं कुळाच्या धंद्याचीं साधनें भक्तीचीं रूपकें होऊन आलीं आहेत. नामदेवांच्या सुमारें बाराशें वर्षें आधीं, भूमध्य समुद्राच्या कांठीं, आणखी एक पुरुष असाच टांके घालीत बसे. तार्ससचा पौल हा ख्रिस्ताचा प्रेषित; परंतु त्याचा चरितार्थ तंबू करण्याच्या धंद्यावर चाले. करिंथ शहरांत अक्विल्ला व त्याची पत्नी प्रिस्किल्ला यांच्या घरीं राहून तो त्यांच्याबरोबर हें काम करी आणि शब्बाथ दिवशीं सभास्थानांत उपदेश करी. दोघांचा काळ निराळा, मार्ग निराळा. परंतु हातांत सुई धरल्यानें देवाचें नांव घेणारी वाणी हलकी होते, असें दोघांसही कधीं वाटलें नाहीं.

आज ही गोष्ट साधी वाटते. पौलाच्या काळीं ती तशी नव्हती. ग्रीक व रोमन समाजांतील प्रतिष्ठित पुरुष अंगमेहनतीस गुलामांचें काम समजत. यहुदी परंपरा याहून वेगळी होती. तिच्यांत धर्मशास्त्र शिकणाऱ्यानेंही एखादा धंदा शिकावा, अशी रीति होती. आणि येशू स्वतः नासरेथांत सुतार म्हणून ओळखला जाई. ज्या धर्माचा संस्थापक सुताराच्या घरीं वाढला, त्या धर्मास हातांची लाज वाटणें शक्य नव्हतें.

या विचाराचें मूळ बायबलाच्या पहिल्याच पुस्तकांत आहे. देवानें मनुष्यास एदेन बागेंत ठेविलें, तें तिची मशागत व राखण करण्यासाठीं, असें तेथें सांगितलें आहे. हें मनुष्याच्या पतनाच्या आधींचें होय. घाम, कांटे आणि कुसळें हीं नंतर आलीं. यावरून ख्रिस्ती चिंतकांनीं एक महत्त्वाचा भेद केला : श्रमांतील क्लेश हा शापाचा भाग खरा, पण श्रम हा शाप नव्हे. सहाव्या शतकांत संत बेनेदिक्त यानें आपल्या मठवासीयांच्या दिनक्रमांत प्रार्थनेबरोबर हातांच्या कामास नेमलेले तास दिले. सोळाव्या शतकांत मार्टिन ल्यूथरनें आणखी पुढें जाऊन सांगितलें कीं, ईश्वरी पाचारण केवळ धर्मोपदेशकास होतें असें नाहीं. चांभार किंवा मोलकरीण यांचें प्रामाणिक कामही तितकेंच ईश्वरसेवेचें आहे.

या शिकवणुकीचें फळ मराठी भाषेच्या पदरांतही पडलेलें आहे. १७६१ मध्यें इंग्लंडांत जन्मलेला विल्यम कॅरी तरुणपणीं आरी हातांत घेऊन जोडे शिवीत असे. १७९३ मध्यें तो बंगालमध्यें आला. पुढें कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत मराठी शिकवितांना त्यानें १८०५ मध्यें मराठी भाषेचें व्याकरण छापलें आणि १८१० मध्यें मोडी अक्षरांतील मराठी शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. या कामीं वैद्यनाथ पंडितांचें त्यास मोठें साह्य झालें. एका मेजवानींत कोणी त्याच्या जुन्या धंद्याचा खोंचक उल्लेख केला, तेव्हां आपण जोडे बनविणारे नव्हतों, केवळ जुने जोडे सांधणारे होतों, असें त्यानें शांतपणें सांगितल्याची कथा त्याच्या चरित्रांत येते. आपल्या अंगीं विशेष बुद्धि नसून नेटानें एकेक पाऊल टाकीत राहण्याचा गुण तेवढा आहे, असें तो म्हणे.

हिंगोलीप्रमाणेंच हैदराबाद कंटिंजंटची छावणी असलेलें मराठवाड्यांतील दुसरें गांव म्हणजे जालना. एका ब्राह्मण कुटुंबांत जन्मलेले आणि १८४३ मध्यें मुंबईस ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसविली. तेथें वस्तीस आले ते बहुतेक गांवकुसाबाहेर जन्म काढलेले मातंग व महार समाजांतील लोक. ज्यांच्या श्रमावर गांव चाले, पण ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्यांत जाऊन शेषाद्रींनीं आयुष्य वेंचलें. श्रमाला पवित्र म्हणणें सोपें आहे; श्रमणाऱ्याच्या शेजारीं राहणें अवघड आहे. ज्या घरांत उद्योगाचीं सुभाषितें भिंतीवर टांगलेलीं असतात, पण भांडीं घासणाऱ्या बाईसाठीं चहाचा कप निराळा ठेवलेला असतो, त्या घरासही हीच कसोटी लागू आहे.

येथपर्यंतचा विचार आळसाविरुद्ध झाला. थेस्सलनीकेच्या मंडळींतील कांहीं जण काम टाकून इतरांच्या अन्नावर जगूं लागले, तेव्हां पौलानें कठोर शब्द लिहिले : ज्यास काम करण्याची इच्छा नाहीं, त्यास जेवणाचाही अधिकार नाहीं. या वाक्याचा आधार अनेकदां घेतला जातो. त्यांतील ‘इच्छा’ हा शब्द मात्र विसरला जातो. काम न करणारा आणि काम न मिळालेला यांस पौलानें एका तराजूंत घातलेलें नाहीं.

हा भेद हिंगोली जिल्ह्यांत सहज कळेल. १९९९ मध्यें परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा हळदीसाठीं प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेलें बेणें सुमारें नऊ महिने जमिनींत राहतें. मग हळद खणावयाची, शिजवावयाची, उन्हांत वाळवावयाची, आणि नंतर ती घासून तिला चकाकी आणावयाची. उद्योगाचें याहून चांगलें उदाहरण शोधूं गेल्यास मिळणार नाहीं. तरीही अवकाळी पाऊस एका रात्रींत वाळत घातलेलें पीक भिजवितो, भाव कोसळतो, मेहनतीचा हिशेब जमत नाहीं. नापिकी व कर्ज यांच्या ओझ्याखालीं मराठवाड्यांतील अनेक शेतकऱ्यांनीं स्वतःचें जीवन संपविलें आहे. ते आळशी नव्हते. ज्या समाजांत पुरुषाची किंमत त्याच्या कमाईवरून ठरते, तेथें कमाई बुडाली म्हणजे आपणही बुडालों, असें कष्टाळू पुरुषासच आधीं वाटतें.

येथें ख्रिस्ताचा द्राक्षमळ्याचा दृष्टांत आठवतो. मळ्याचा धनी पहाटेपासून मजूर लावीत जातो आणि दिवस मावळावयास एक तास उरला असतांही चौकांत उभ्या असलेल्यांस बोलावतो. दिवसभर रिकामे कां राहिलांत, असें विचारतां ते म्हणतात, कोणी कामास लावलेंच नाहीं. सायंकाळीं धनी त्यांसही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर व्यवहाराच्या दृष्टीनें रास्तही आहे. परंतु शेवटच्या मजुराच्या घरींही तितक्याच भाकरी लागतात, हें धन्यानें पाहिलेलें आहे. याच धर्मग्रंथांत याकोबाचें पत्र धनवानांस बजावतें कीं, अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करीत असते.

ख्रिस्ती दृष्टीनें उद्योगास म्हणूनच दोन बाजू आहेत. पुरुषानें झटून काम करावें. कामाची लाज धरूं नये, चोरी करूं नये. परंतु देवाची प्रीति ही त्या कामाची मजुरी नव्हे. ती कामाच्या आधींच मिळालेली असते. सात दिवसांतील एक दिवस विश्रांतीचा ठेवण्याची आज्ञा याच कारणानें दिलेली आहे, आणि ती धन्याप्रमाणें दासास व बैलासही लागू आहे. त्या दिवशीं कोणी कांहीं मिळवीत नाहीं, तरी कोणाची किंमत कमी होत नाहीं. ज्या घरांत मुलास उद्योगाची संवय लाविली जाते, त्याच घरांत हात रिकामे झालेल्या बापाच्या ताटाशीं पूर्वींइतक्याच आदरानें पाट मांडला जावा. तेव्हांच त्या घरास श्रमाचा खरा अर्थ कळला म्हणावयाचा.