शेवटच्या तासाचा मजूर



मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दृष्टान्त आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो आणि दिवसाला एक दिनार ठरवून मजूर आणतो. पुढे दिवसभरात तो आणखी चार वेळा मजूर आणतो. शेवटची खेप दिवस मावळण्यास एक तास उरला असतानाची. संध्याकाळी प्रत्येकाच्या हातावर सारखाच एक दिनार पडतो. दिवसभर उन्हात राबलेले अर्थातच कुरकुरतात.

त्यांची तक्रार पोकळ नव्हे. जितके श्रम तितके दाम, हा न्याय श्रमिकाला सहज पटणारा आहे. आणि अर्थशास्त्र विचारील की, उद्या पहाटे मळ्यावर येणार कोण?

धर्मशास्त्री या कथेत ईश्वरी कृपेचा अर्थ पाहतात. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु कथेतील एक तपशील समाजवाद्याने विसरू नये. दिवसभर रिकामे का राहिलात, असे धनी त्या शेवटच्या मजुरांना विचारतो. आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही, असे ते सांगतात. हे लोक आळशी नव्हते. त्यांचे श्रम विक्रीस होते, गिऱ्हाईक नव्हते. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची कमाई, घरच्या चुलीचा आधार. बाजारात मागणी घटली म्हणून पोराबाळांची भूक घटत नाही.

जॉन रस्किनने १८६० साली प्रसिद्ध केलेल्या अर्थविषयक निबंधांचे शीर्षक याच दृष्टान्तातून घेतले. १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी ते पुस्तक वाचले आणि १९०८ साली त्याचे सार गुजरातीत मांडताना त्याला ‘सर्वोदय’ हे नाव दिले.

तरीही दृष्टान्ताची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. कुरकुरणाऱ्यांना धनी आपल्या मालकीहक्काची आठवण देतो. त्याच हक्काच्या बळावर शेजारच्या मळ्याचा धनी कोणालाच काम देणार नाही! औदार्यावर न्यायाची इमारत उभी राहत नाही. बायबललाही हे ठाऊक आहे. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी चुकती करण्याची आज्ञा आहे. तेथे दया नाही, नियम आहे.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाने रोजगार हमी योजनेला बळ दिले. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ साली कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने, मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याची तरतूद केली. तो भत्ता म्हणजे शेवटच्या मजुराचाच दिनार. फरक इतकाच की, तो धन्याच्या मर्जीने नव्हे, नागरिकाच्या हक्काने मिळावयाचा होता. तो प्रत्यक्षात किती थोड्यांच्या हाती पडला, हे खेड्यापाड्यांत काम करणाऱ्यांना सांगावयास नको.

कायद्यांची नावे बदलतात, कलमे बदलतात. शहरातल्या मजूर नाक्यावर मात्र आजही दुपारपर्यंत माणसे उभी असतात आणि रिकाम्या हातांनी घरी परततात. कोणत्याही अर्थव्यवस्थेची परीक्षा पहाटे काम मिळालेल्यांकडे पाहून होत नाही. शेवटपर्यंत उभ्या राहिलेल्या या माणसाला ती काय देते, यावरून होते. त्याला संघटित करणे आणि त्याच्या घासाला कायद्याचा आधार मिळवून देणे, हे आपले काम आहे.