घरातल्या मुलाला कोणी विचारले?

(कराड येथे शिक्षक व पालक यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बोलण्यासाठी मी जो विषय घेतला आहे, तो सभेत बोलण्याचा विषयच नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. ज्या घरात आई किंवा वडील मनाच्या आजाराने ग्रस्त आहेत, त्या घरात वाढणाऱ्या मुलांविषयी मला बोलायचे आहे. असल्या गोष्टी उंबऱ्याच्या आत ठेवण्याची आपली रीत आहे. परंतु जे दुःख असंख्य घरांत आहे आणि तरीही प्रत्येक घराला ते आपल्या एकट्याचेच वाटते, ते दुःख खाजगी कसे म्हणावे? बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय सर्वेक्षण केले. त्यात १८ वर्षांवरील माणसांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. या रुग्णांपैकी कितीजण कुणाचे तरी आईबाप असतील, याचा विचार आपण क्वचितच करतो.

या विषयावर बोलण्याचे मला आणखी एक कारण आहे. मी अशाच घरात वाढलो. माझी आई महिनेच्या महिने चांगली असे. मग एखाद्या पंधरवड्यात तिची झोप उडे, शेजारीण आपल्या पाण्यात काही कालवते अशी तिची खात्री होई आणि चूल थंड पडे. वडील कामावर जात. पाणी भरणे, धाकट्या बहिणीची वेणी घालणे, आईने गोळी गिळली की जिभेखाली ठेवली हे पाहणे, ही माझी कामे होती. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. गल्लीतली पोरे मला ‘खुळीचा’ म्हणत. पुढे तिला दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टरांनी वडिलांना पुष्कळ प्रश्न विचारले. खोलीत मीही उभा होतो. घरी रात्री काय घडते हे वडिलांपेक्षा मला अधिक ठाऊक होते; पण मला कोणी काही विचारले नाही आणि काही सांगितलेही नाही. हे केवळ माझ्याच बाबतीत घडले असते, तर ते येथे सांगण्याचे प्रयोजन नव्हते. पण अशा घरांतून आलेली जी जी माणसे मला भेटली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी हेच सांगितले.

अशा मुलाच्या शिरावर तीन ओझी असतात. पहिले अज्ञानाचे. आईला काय झाले आहे हे कोणी सांगत नाही, म्हणून मूल आपल्या परीने कारण शोधते, आणि मुलाला सर्वांत जवळचे कारण म्हणजे ते स्वतः. मी दंगा केला म्हणून आई बिघडली, हा निष्कर्ष ते मनाशी काढते आणि कुणाजवळ बोलून दाखवत नाही. मोठ्यांचे मौन त्याचे रक्षण करीत नाही. त्या मौनाने त्याचा अपराधीपणा मात्र पक्का होतो.

दुसरे ओझे श्रमाचे. आजारी माणसाची शुश्रूषा करणारे मूल हेही एक राबणारे मूलच आहे. हॉटेलात कपबशा विसळणारा पोरगा आपल्याला दिसतो, त्याच्यासाठी कायदा आहे. घरात आईला सांभाळणारी मुलगी दिसत नाही. उलट ‘किती समंजस पोर!’ म्हणून तिचे कौतुक होते. मुलगी असे मी मुद्दाम म्हणतो. आई आजारी पडली की तिच्या वाटणीचे घरकाम थोरल्या मुलीकडे येते आणि प्रथम सुटते ती तिची शाळा. पुष्कळदा आजारी बाईला माहेरी धाडून दिले जाते आणि मुले सासरी राहतात. मग त्या मुलांना आईचा आजारही सोसावा लागतो आणि तिचा वियोगही.

तिसरे ओझे भयाचे: उद्या मलाही असेच होईल काय? गावात स्थळ पाहायला आलेले लोक हा प्रश्न कुजबुजत विचारतात. मूल तो वर्षानुवर्षे स्वतःला विचारत असते. याचे उत्तर शास्त्राने दिलेले आहे. स्किझोफ्रेनिया हा गंभीर विकार साधारणपणे शंभरात एका माणसाला होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असल्यास मुलाच्या बाबतीत हा संभव शंभरात सुमारे दहा इतका वाढतो. म्हणजे शंभरांतील सुमारे नव्वद मुलांना तो होत नाही. हे एक वाक्य वेळेवर ऐकायला मिळाले असते तर किती तरुणांच्या कित्येक रात्री वाचल्या असत्या!

जेथे ज्ञान पोचत नाही तेथे भगत पोचतो. गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १८५६ मध्ये येथून जवळच टेंभूला झाला, याचा आपल्याला अभिमान आहे. पण आईला झाड लागले म्हणून तिला मारताना पाहणाऱ्या मुलाला त्या अभिमानाचा काय उपयोग? भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. हा कायदा गावोगाव पोचवणे हे या मुलांसाठी केलेलेच काम आहे.

आपल्या साहित्यानेही या मुलाला फारसे ओळखले नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने पिढ्यांना संस्कार दिले, ते ऋण कोण नाकारील? पण जिची माया आजाराने झाकोळून गेली आहे, अशा आईचे मूल ते पुस्तक वाचताना कोणत्या मनःस्थितीत असेल? आपली आई अशी का नाही, या प्रश्नाचे उत्तर त्याला आईच्या दोषात किंवा स्वतःच्या दोषात शोधावे लागते. जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ ही इंग्रजी कादंबरी २०१२ मध्ये आली. शांता गोखले यांनी ती मराठीत आणली. माहीमच्या लहानशा घरात, मनाच्या आजाराने वरखाली होणाऱ्या आईबरोबर वाढणारा मुलगा तीत बोलतो. तो आईवर प्रेम करतो, तिच्यावर चिडतो, तिच्या विनोदांना हसतो आणि आपल्यालाही हा आजार होईल म्हणून धास्तावतो. या चारही भावना एकाच मनात एकाच वेळी असू शकतात, आणि त्यांत लाजण्यासारखे काही नाही, हे त्या मुलांना कोणीतरी सांगणे अगत्याचे होते.

मौन मोडले की काय घडू शकते, याचे एक उदाहरण आपल्यासमोर आहे. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपवले नाही. पुण्यात या आजाराविषयी जागृती करणारी आणि रुग्णांच्या कुटुंबीयांना एकत्र आणणारी संस्था त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही त्यांचे साहाय्य होते. आजारी भावाला सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताण त्या चित्रपटाने मराठी प्रेक्षकांपुढे आणली.

आता कायद्याचे पाहू. १९१२ च्या कायद्याला रुग्ण म्हणजे कोंडून ठेवण्याची वस्तू वाटत होती. १९८७ च्या कायद्याने भाषा बदलली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली. ही मोठीच प्रगती होय. त्याच कायद्याच्या २१ व्या कलमात म्हटले आहे की, उपचारासाठी दाखल झालेल्या स्त्रीपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करू नये. तरतूद चांगली आहे. पण चौथ्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलाचे काय? आई रुग्णालयात असताना ते कोणाजवळ आहे, जेवते काय, शाळेत जाते काय, हे विचारण्याची जबाबदारी कोणाची? नॉर्वेने २०१० पासून आरोग्यसेवकांवर कायद्याने हे कर्तव्य सोपवले आहे, की रुग्णाला अज्ञान मुले असल्यास त्यांना माहितीची व आधाराची गरज आहे काय, याची दखल घ्यावी. यासाठी नवी इमारत लागत नाही की यंत्र लागत नाही. लागतो तो एक प्रश्न: ‘तुमच्या घरी लहान मुले आहेत का?’ केसपेपरावर हा प्रश्न छापून यावा, ही मागणी आपण शासनाकडे केली पाहिजे.

परंतु शासनाची वाट पाहत आपण बसून राहावे, असे मी म्हणणार नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा भिंती पडलेल्या दिसल्या आणि माणसे मदतीला धावली. काही घरांत जमीन रोज हादरते, मात्र भिंती उभ्याच असल्यामुळे कोणाला काही दिसत नाही. ते पाहण्याची सर्वांत अधिक संधी शिक्षकाला असते. वारंवार उशिरा येणारे, वर्गात झोपी जाणारे, मित्रांना कधीच घरी न नेणारे मूल दिसले तर शिक्षेपूर्वी चौकशी करा. त्याला एकट्याला गाठून, त्याच्या आईविषयी एकही वाईट शब्द न काढता, तीन गोष्टी सांगा: हा आजार आहे; तो तुझ्यामुळे झालेला नाही; तो बरा करणे हे तुझे काम नाही. शेजाऱ्यांनी त्या घरी एक वेळचे जेवण पाठवावे आणि संध्याकाळी त्या मुलाला आपल्या घरी अभ्यासाला बसवावे. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो शाळेच्या फलकावर ठळक लिहून ठेवावा.

१९१९ मध्ये याच कराड तालुक्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह उघडले. ज्या मुलाच्या घरची परिस्थिती त्याला शिकू देत नाही, त्याच्यासाठी समाजाने दुसरे घर उभे केले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. दारिद्र्य व जात यांनी अडवलेल्या मुलांसाठी तो विचार या मातीत रुजला. आजाराने अडवलेल्या मुलापर्यंत तो नेणे हे आता आपल्याकडे आलेले काम आहे. आपापल्या शाळेत परतल्यावर वर्गातल्या पटावरून एकदा नजर फिरवा. त्यातील एखाद्या नावापाशी आपण थांबाल, अशी माझी खात्री आहे. त्या मुलाशी येत्या आठवड्यातच बोला.