वॅट किती, तास किती?

विजेचं बिल चढलं की घरात पहिला संशय गीझरवर. डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. म्हणून आज थोडा हिशेब मांडू या.

हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की मीटरवर एक युनिट पडतं. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास तापला, की एक युनिट. साधा पंखा ७५ वॅटचा. पण उन्हाळ्यात तो दिवसरात्र मिळून सहज पंधरा तास फिरतो. त्याचंही युनिट एकाहून थोडं जास्तच भरतं. महिन्याचे झाले ३४, आणि पंखा काही घरात एकच नसतो. बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. त्याचे महिन्याला १४ युनिट, म्हणजे एका पंख्यामागे २० वाचले.

या विसांचं मोल आणखी आहे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, त्यापुढे तीनशेपर्यंत चढा, नंतर आणखी चढा. वाचलेलं युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतं.

जुना खोक्यासारखा रेग्युलेटर असेल तर तो आधी बदला. पंखा हळू केला तरी उरलेली बरीच वीज तो उष्णतेत घालवतो. टीव्ही रिमोटने बंद केला तरी सेट टॉप बॉक्स चालूच राहतो. दहा वॅट धरले, तरी महिन्याला सात युनिट गेले. त्याचं बटण भिंतीवरच बंद करा. एसी २४ अंशांवर ठेवा आणि सोबत पंखा लावा.

फ्रिजचा हिशेब मात्र वॅटवरून लागत नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो. नवा घेताना स्टार लेबलवर छापलेले वर्षाचे युनिट वाचा. लेबल कोणत्या काळासाठी आहे तेही पाहा. निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुने पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नसतात.

पुढचं बिल हातात आलं की रुपयांआधी युनिटचा रकाना बघा, आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. दर आपल्या हातात नाहीत, युनिट आहेत.