बेंगळुरूची कॉफी-फेरी



बेंगळुरूस मुलीकडे गेले असता तिने मला पायी कॉफी-फेरीस नेले. माहिती सांगायला एक तरुण होता. गांधी बाजारात १९४३ पासूनच्या विद्यार्थी भवनात दुधाची फेसाळ कॉफी झाली. नव्या दुकानांत मात्र दूध-साखर नाही! चिकमगळूरच्या बियांची कोरी, किंचित आंबट कॉफी. मला काही ती रुचली नाही. पण तिच्यासाठी पिकली लाल फळेच तेवढी हाताने वेचतात. एका फांदीवरची फळे मागेपुढे पिकतात, म्हणून त्याच झाडाशी पुन्हापुन्हा यावे लागते. हे काम बहुतेक बायकांचेच. पुडीवर मळ्याचे नाव, भाजल्याची तारीख, सारे छापलेले. वेचणारणीला रोज काय पडतो, मी विचारले. मुलगा गुणी, पण त्याला ते ठाऊक नव्हते.