शब्दांच्या जन्मतारखा : स्वागताध्यक्षीय भाषण



विज्ञानकथेतले शब्द कुठून आले आणि त्यांच्या पोटात काय अर्थ आहे, हा या संमेलनाचा विषय. त्याची चर्चा करायला म्हैसूरची ही जयलक्ष्मीपुरम वस्ती फार योग्य आहे. जवळच म्हैसूर विद्यापीठाचा परिसर आहे. त्याला ‘मानसगंगोत्री’ हे नाव दिले कन्नड कवी कुवेंपूंनी, कुलगुरू असताना. मातृभाषेतून विज्ञान शिकवता आलेच पाहिजे, असा या कवीचा आग्रह होता. १९६९ साली स्थापन झालेले भारतीय भाषा संस्थानही मानसगंगोत्रीतच आहे. शब्द घडवणाऱ्यांच्या आणि शब्द जपणाऱ्यांच्या शेजारी आज मराठी मंडळी जमली आहेत.

विज्ञानकथेतला सर्वांत प्रसिद्ध शब्द म्हणजे रोबॉट. चेक नाटककार कारेल चापेक यांनी १९२० साली ‘आर. यू. आर.’ हे नाटक प्रसिद्ध केले. त्यातल्या कृत्रिम मजुरांना काय म्हणावे हे त्यांना सुचेना, तेव्हा त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी हा शब्द दिला. ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करायचे काम. चापेक यांचे रोबॉट लोखंडी नव्हते. माणसासारख्याच जिवंत द्रव्यापासून कारखान्यात घडवलेले ते वेठबिगार होते आणि पुढे ते मालकांवर उलटतात. मराठीने ‘यंत्रमानव’ हा नेमका, डौलदार शब्द रूढ केला. त्यात यंत्र आले, मानव आला; वेठ मात्र गळाली. माणसाची कामे यंत्रांकडे जात असताना, कोणाचे श्रम कोणाच्या फायद्यासाठी, हा चापेक यांचा प्रश्न मराठी वाचकापर्यंत पोचला पाहिजे. शब्दाचा उगम शोधायचा तो यासाठी.

काही शब्द कथेतून थेट प्रयोगशाळेत गेले. ‘रोबॉटिक्स’ हा शब्द आयझॅक असिमोव्ह यांनी १९४१ साली एका कथेत वापरला. तो आधीपासूनच रूढ असावा, अशी त्यांची समजूत होती! ‘सायबरस्पेस’ विल्यम गिब्सन यांच्या १९८२ च्या कथेत अवतरला. ‘मेटाव्हर्स’ नील स्टीव्हनसन यांच्या १९९२ च्या कादंबरीतला. २०२१ साली फेसबुकच्या कंपनीने आपले नावच ‘मेटा’ करून घेतले. संगणकात शिरणाऱ्या ‘वर्म’चे बीज जॉन ब्रनर यांच्या १९७५ च्या कादंबरीत आहे.

उलटा प्रवासही घडला. ‘बिग बँग’ हा शब्द फ्रेड हॉइल यांनी १९४९ साली बीबीसीच्या नभोवाणी भाषणात उच्चारला, तोही त्यांना न पटणाऱ्या सिद्धान्तासाठी. मराठीत तो ‘महास्फोट’ झाला. हॉइल स्वतः विज्ञान कादंबरीकार होते आणि केंब्रिजमधले त्यांचे विद्यार्थी होते जयंत नारळीकर.

नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली. कथेचे नाव ‘कृष्णविवर’. तिला पहिले बक्षीस मिळाले. ‘ब्लॅक होल’ हा शब्द इंग्रजीत सर्वतोमुखी होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. पाठ्यपुस्तकातली व्याख्या परीक्षेपुरती लक्षात राहते. कथेत भेटलेला शब्द आयुष्यभर सोबत राहतो.

नारळीकरांची दुसरी वाट पुराणांतून जाते. जयलक्ष्मीपुरमातल्या एका रस्त्याला कालिदासाचे नाव आहे. त्याच्या ‘मेघदूता’तला यक्ष मराठी वाचकाला परका नाही. नारळीकरांच्या १९७९ च्या कथासंग्रहाचे नाव आहे ‘यक्षांची देणगी’. ‘वामन परत न आला’ या कादंबरीतल्या यंत्रमानवाचे नाव वामन. हे नाव वाचताच बळीराजा आणि तीन पावले आठवतात, आणि लहान दिसणारी शक्ती किती वाढू शकते याची धास्ती आपोआप मनात उभी राहते. २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा या शब्दसंपत्तीचाही गौरव झाला.

मराठी शब्दांची तिसरी वाट घरगुती वस्तूंची. २४ जून १९४७ रोजी अमेरिकन वैमानिक केनेथ अर्नोल्ड यांनी आकाशात वेगाने जाणाऱ्या नऊ वस्तू पाहिल्याचे सांगितले. पाण्यावर भिरकावलेल्या बशीसारखी त्यांची चाल होती, असे वर्णन त्यांनी केले आणि वृत्तपत्रांनी त्या वस्तूंनाच उडत्या बशा ठरवले. मराठीने बशी घेतली नाही. तबकडी ओळखीची होती. तीच आकाशात उडाली.

दक्षिणेतल्या मराठी माणसांचाही या इतिहासात वाटा आहे. कृष्णाजी नारायण आठल्ये यांचे ‘केरळकोकिळ’ मासिक १८८६ साली कोचीनमध्ये सुरू झाले. ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा अनुवाद ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने १९०० साली याच मासिकात आला. तोफेतून चंद्राकडे निघालेली माणसे मराठी वाचकांना भेटली ती दक्षिणेत जन्मलेल्या मासिकातून.

इंग्रजी विज्ञानकथेतल्या शब्दांचा कोश ऑक्सफर्डने २००७ साली काढला. जेफ प्रुचर त्याचे संपादक. प्रत्येक शब्द पहिल्यांदा कुठे, कधी, कोणत्या वाक्यात छापला गेला याची त्यात नोंद आहे. जुनी मासिके चाळून हौशी वाचकांनी ती वाक्ये शोधून दिली. असा तारीखवार कोश मराठी विज्ञानकथेलाही हवा. ‘यंत्रमानव’, ‘परग्रहवासी’, ‘उडती तबकडी’, ‘अंतराळयान’ यांच्या जन्मतारखा जुन्या दिवाळी अंकांत आणि मासिकांच्या बांधीव खंडांत आहेत. ते अंक रद्दीत जाण्याआधी हे काम झाले पाहिजे. ते वाचकांनाच जमेल.

स्वागत समितीने सभागृहाच्या दाराशी एक नोंदवही ठेवली आहे. ज्यांच्या घरी जुने अंक आहेत त्यांनी ते उघडावेत. शब्द, वाक्य, लेखक, अंक आणि वर्ष एवढे टिपून समितीकडे द्यावे. दोन दिवसांच्या चर्चेत आठवेल त्या शब्दाची निदान एक नोंद प्रत्येकाने वहीत करावी आणि मगच म्हैसूरचा निरोप घ्यावा, ही आग्रहाची विनंती.