अंगठा कोणाचा, संमती कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ऊसतोडीचा हंगाम संपतो, फडाकडेच्या कोप्या मोडल्या जातात आणि मुकादमाची वही उघडते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याने हंगामापूर्वी घेतलेली उचल वहीच्या एका बाजूला, तोडलेल्या टनांची मजुरी दुसऱ्या बाजूला. आजारपणातल्या खाड्यांचा दंड मध्येच कोठेतरी लागलेला असतो. उचल फिटत नाही. पुढच्या साली या, असे सांगितले जाते आणि कोणी कुरकुर केलीच, तर मुकादम मुद्रांकाचा कागद पुढे करतो: अंगठा तुझाच ना? या प्रश्नापुढे मजूर गप्प होतो. पण त्याच्याबरोबर गेलेला कार्यकर्ताही पुष्कळदा गप्प होतो. सही केली की माणूस बांधला गेला, एवढाच करार कायद्याचा अर्थ त्यालाही ठाऊक असतो. हा अर्थ अपुरा आहे, आणि त्याच्या अपुरेपणाचा लाभ आजवर एकाच बाजूला मिळत आला आहे.

भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला आणि काही फेरफारांसह आजही तोच लागू आहे. त्याचे सार दहाव्या कलमात सापडते. करार करण्यास पात्र असलेल्या व्यक्तींनी, मुक्त संमतीने, कायदेशीर मोबदल्यासाठी व कायदेशीर हेतूने ठरविलेली गोष्ट म्हणजे करार. एकाने प्रस्ताव मांडावा, दुसऱ्याने तो स्वीकारावा आणि दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करावी. सही, अंगठा, मुद्रांक यांना या व्याख्येत स्थान नाही. ती पुराव्याची साधने आहेत. तोंडी करारही करारच असतो. उलट, मुद्रांकावर उमटलेल्या अंगठ्यामागे मुक्त संमती नसेल, तर तो करार रद्द करून घेण्याचा हक्क अंगठा देणाऱ्याला कायदाच देतो. जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, फसवणूक व असत्य निवेदन, यांपैकी कशानेही संमती मिळविली असली, तरी ती मुक्त नव्हे.

मोबदल्याविषयी मात्र हा कायदा कमालीचा तटस्थ आहे. त्याच्या पंचविसाव्या कलमाखाली एक उदाहरण दिले आहे: हजार रुपयांचा घोडा कोणी दहा रुपयांस विकण्याचे कबूल केले आणि त्याची संमती मुक्त असली, तर तो करार पक्का. घोड्याच्या जागी श्रम घातले, की गिरणीमालकाचे आणि मळेवाल्याचे सगळे तत्त्वज्ञान हाती येते. त्याच उदाहरणाच्या पुढचे उदाहरण तेवढे मालकाचा वकील वाचून दाखवीत नाही. संमती मुक्त नव्हती, असे घोडा विकणारा म्हणू लागला, तर किंमत इतकी अपुरी का, हे न्यायालयाने विचारात घ्यावे, असे ते सांगते.

करारस्वातंत्र्याची ही कल्पना सर्वस्वी तुच्छ लेखण्याजोगी नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. हेन्री मेन यांनी १८६१ मध्ये असा सिद्धान्त मांडला, की पुढारलेले समाज जन्मसिद्ध दर्जाकडून कराराकडे जातात. ज्या देशात काम जन्माने वाट्याला येत होते आणि वेठ जातीने ठरत होती, तेथे 'मला हे मान्य नाही' असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, एवढे तत्त्व मान्य होणे ही लहान गोष्ट नव्हती. पण सरकारने ते तत्त्व मजुराच्या बाबतीत कसे पाळले? १८५९ चा तेरावा कायदा असा होता, की आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीच्या तुरुंगात पाठविता येत असे. व्यापाऱ्याने करार मोडला तर नुकसानभरपाई, मजुराने मोडला तर तुरुंग! हा कायदा १९२५ मध्ये रद्द झाला.

शेतकऱ्याचा अनुभव याहून निराळा नव्हता. कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घालणारा कायदा ऋणकोच्या सोयीसाठी म्हणून आला. सावकाराने मुदत संपण्यापूर्वी दर वेळी व्याज मुदलात मिळवून नवे खत लिहून घ्यावयास आरंभ केला. लिहिता-वाचता न येणारा कुणबी अंगठा देत गेला आणि दिवाणी न्यायालय कागद पाहून हुकूमनामे देत गेले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर चालून गेले. उठावाचे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांचा रोख मुख्यतः खतांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. करार कायदा येऊन तेव्हा तीन वर्षेही पुरी झाली नव्हती.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपुरते त्याने न्यायालयाला असे बजावले, की खतावरची रक्कम प्रमाण मानू नये. व्यवहाराचा अगदी प्रारंभापासूनचा इतिहास तपासावा आणि मूळ मुद्दल किती, हे शोधून काढावे. जी गोष्ट कायदेपंडितांना अशक्य वाटत होती, ती सुप्याच्या होळीनंतर चार वर्षांत शक्य झाली.

१८९९ च्या दुरुस्तीने करार कायद्याचे सोळावे कलम आजच्या रूपात आले. एक पक्ष दुसऱ्यावर वर्चस्व गाजविण्याच्या स्थितीत असेल आणि व्यवहार उघडउघड अन्यायाचा दिसत असेल, तर दडपण आणले नव्हते, हे वर्चस्व असणाऱ्याने सिद्ध करावयाचे. कलमाखालचे उदाहरण गावच्या सावकाराचेच आहे: आधीच कर्जात असलेल्या माणसाने त्याच सावकाराकडून अवाजवी अटींवर नवे कर्ज घेतले, तर पुराव्याचा भार सावकारावर. वही मुकादमाची, लेखणी मुकादमाची, आणि मागल्या सालची बाकीही त्याच्याकडेच असेल, तर हे उदाहरण कोणाला लागू पडावे, हे सांगावयास वकील लागू नये. मात्र त्याच्यालगतचे उदाहरण या कायद्याची मर्यादाही दाखविते. बाजारात पैशाची टंचाई असताना सराफाने जबर व्याज मागितले आणि गरजूने ते कबूल केले, तर ते दडपण नव्हे, नित्याचा व्यवहार होय! एका माणसाचे दडपण कायद्याला दिसले, बाजाराचे दिसले नाही.

ते दिसावयास पुढे राज्यघटना यावी लागली. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये म्हटले, की भुकेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरी पत्करणारा माणूसही सक्तीनेच राबत असतो आणि ही वेठ घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध आहे. १९८६ मध्ये, सेंट्रल इनलंड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात, कायम नोकराला तीन महिन्यांच्या नोटिशीवर काढून टाकण्याची अट न्यायालयाने रद्दबातल ठरविली. ज्याला छापील कागदावर सही करणे किंवा उपाशी राहणे एवढीच निवड असते, त्याच्या माथी मारलेली अन्याय्य अट लोकहिताच्या विरुद्ध, म्हणून तेविसाव्या कलमान्वये शून्य, असे ते तर्कशास्त्र आहे. दोन बरोबरीच्या व्यापाऱ्यांतील करारांना ते लागू पडेलच असे नाही, हेही त्याच निकालात आहे. मोबाइलच्या पडद्यावर 'सहमत' या शब्दावर अंगठा टेकवून घरोघर माल पोहोचविणारा तरुण या दोहोंपैकी कोणत्या रांगेत बसतो, हा वाद पुढल्या काळात लढवावा लागणार आहे.

ऊसतोडीपुरते बोलावयाचे, तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा हाती आहे. उचल देणे हा स्वतःच गुन्हा नव्हे. पण उचलीपोटी मजुराने दुसरीकडे काम धरण्याचे किंवा कोठेही जाण्यायेण्याचे स्वातंत्र्य गमावले असेल, अथवा त्याला किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागत असेल, तर तो व्यवहार वेठबिगारीच्या व्याख्येत येतो. तसे ठरल्यास कागद शून्य होतो, कर्ज संपुष्टात येते, आणि ते वेठीचे कर्ज नाही, हे सिद्ध करण्याचा भार पंधराव्या कलमाने धनकोवर टाकला आहे. जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती असावी, असेही हा कायदा सांगतो. तेव्हा फडावर जाणाऱ्या कार्यकर्त्याने दोनशे पानी वही बरोबर न्यावी, प्रत्येक कोयत्याची उचल, तारीख, टन, खाडे आणि दंड तीत मजुराच्या समक्ष उतरावेत. मग प्रांत कचेरीत जाऊन समिती कधी नेमली, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे लेखी विचारावे आणि अर्जाची पोच घेतल्याखेरीज तेथून उठू नये.