गाडी तापली तर आधी थांबा



कापूस भरलेली जुनी पिकअप वाटेत तापली, तर ‘एवढं जिनिंग गाठू’ म्हणू नका. हेड वाकलं की कापसाचा पैसा गॅरेजात जातो. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. वाफेनं तोंड भाजतं. गार झाल्यावर पाणी पाहा. कमी असेल तर गळती शोधा.

उभ्यानं तापते, पळताना निवते? फॅनबेल्ट, पंखा तपासा. चढावर ओझ्यानं तापते? रेडिएटरची जाळी धूळ-कापसानं बुजली असेल. इंजिन तापलं, वरचा पाइप गार? बहुधा थर्मोस्टॅट अडकला. गळती नाही, तरी पाणी घटतं, ऑइल दुधाळ दिसतं? हेड गॅस्केट गेलं समजा. गाडी ओढून न्या.

वजनकाट्यापाशी आपण डोळे उघडे ठेवून उभे राहतो. मिस्त्रीपाशीही तसंच उभं राहा.